कोल्हापुरात जॅझ आणि सोलच्या रेकॉर्डी मिळतात का कुठं?

रंकाळा_३३:
मंडळी, वडिलांचा टर्नटेबल माळ्यावरनं काढला, बेल्ट बदलला, चालू पण झाला. आता लावायचं काय? घरात सगळी नाट्यगीतं आणि मला नाद लागलाय जॅझ आणि सोल ह्या अमेरिकन संगीताचा, ब्लू नोट, मोटाउन, स्टॅक्स वगैरे कंपन्यांच्या रेकॉर्डींचा. महाद्वार रोड, शाहूपुरी सगळं पालथं घातलं. एका दुकानात 'सोल आहे का' विचारलं तर काका म्हणाले, सोल पायजे तर चप्पल लाईनला जावा की! ऑनलाइन एक मागवली ती कव्हर एकीचं, आत रेकॉर्ड दुसरीच, ख्रिसमसच्या गाण्यांची, आणि विकणारा आता फोनच उचलत नाही. म्हणून म्हटलं हातात घेऊन, उजेडात धरून बघता येईल असं दुकान हवं. आहे का जवळपास?

पांढरा_रस्सा:
भावा, नुसत्या जॅझचं दुकान कोल्हापुरात माझ्या तरी बघण्यात न्हाई, उगं पायताण झिजवू नको. जुनं सामान घेणारे आणि रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे, ह्यांच्याकडं जा आणि जॅझ-बिझ म्हणूच नको, 'इंग्लिश गठ्ठा हाय काय' असं विचार. निम्मा जिम रीव्हज निघणार, उरलेला बोनी एम, पण धीर धरून तळापर्यंत जायचं. मला लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात असंच चाळताना जॅझ गाणारी एला फिट्झजेराल्ड घावली, शंभराला, आणि विकणाऱ्यानं वर जिम रीव्हज फुकट दिला, नको म्हटलं तरी.

जुना_व्हॉल्व्ह:
रस्सा बरोबर सांगतोय, फक्त ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तव्यांकडे पाठ फिरवू नका. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात वाजवायचा, त्याचं रेकॉर्डिंग तिथंच झालं. मुंबईत ताजमध्ये चिक चॉकलेटचा बँड होता, त्याचेही तवे निघाले. गोव्याची ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. म्हणजे आपण लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांतनं हे कानावर पडलंच होतं, नाव माहीत नव्हतं एवढंच. असले तवे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या पेट्यांत नाट्यगीतांखाली दबलेले असतात. पण एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ च्या रेकॉर्डींची, सुई त्यांना लावू नका, ७८ ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला जाऊन नुसती खरखर करते. आणि स्पिरिटनं तर अजिबात पुसू नका, लाखेचा तवा विरघळतो. माझा एक असाच गेला, अजून जिवाला लागतंय.

रंकाळा_३३:
काका, वडिलांची तव्यांची पेटी उघडतोच आज! मी नुसती वरवर बघितली होती.

माहीमला_पण_जीव_रंकाळ्यावर:
महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत. माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब हे रेकॉर्डींचं दुकान आहे, नवीन माल, नीट लावून ठेवलेला, पण इम्पोर्टेड एलपी काही हजारांत जाते, त्यामुळं यादी करून जा नायतर येताना वडापाववर यायची वेळ येईल. जुन्यासाठी चोरबाजारात मटण स्ट्रीट, शुक्रवार सोडून. तिथं पहिला सांगितलेला भाव ऐकून नुसतं हसायचं आणि पुढचा गठ्ठा चाळायला घ्यायचा. ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डींचं जुनं दुकान काळा घोड्याला होतं, ते २०१६ लाच बंद झालं, कुणी अजून तिकडं पाठवत असेल तर जाऊ नको. मधे पुण्यात उतरणार असशील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. घेताना रेकॉर्ड कव्हरातनं बाहेर काढ, उजेडात तिरकी धर, नुसते केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा असला की ठेवून दे. आणि लेबल वाच, तुला तर आता सांगायला नको.

रंकाळा_३३:
नाही विसरणार, ख्रिसमस दरवर्षी येतोच :) पेटी उघडली काका. वरचे चौदा तवे नाट्यगीतं, एक 'हिज मास्टर्स व्हॉइस'वर इंग्लिश डान्स बँड, नाव पुसट झालंय. रस्सा, रविवारी किती वाजता जायचं?

पांढरा_रस्सा:
सकाळी सकाळी ये, माल मांडायच्या आत. नऊला आलास तर माझ्या हातातला गठ्ठा बघत बसायला लागंल.