नणंदेने सांभाळायला दिलेली लॅब्रॅडॉर पाच वर्षांनी परत मागितली आहे. मालकी कोणाची?

सदाफुली

नमस्कार. पुण्यातला विषय आहे. "बसून बोला" हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, मला कायद्याच्या बाजूने नेमकं हवंय.

जून २०२१ मध्ये नणंद जर्मनीला गेली. तिची दीड वर्षाची लॅब्रॅडॉर मादी आमच्याकडे आली. लेखी करार नाही. व्हॉट्सॲपवर तिचं वाक्य आहे, "आमचं बस्तान बसेपर्यंत बघाल ना तिच्याकडे?" आणि माझं "हो". सुरुवातीचे काही महिने खाण्याचे पैसे आले, मग थांबले. २०२२ च्या शेवटी मी विचारलं तर उत्तर आलं, "आता ती तुमचीच झाली वहिनी." त्यानंतर तिने साधी चौकशीही केली नाही.

केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र नणंदेच्या नावावर आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेत पहिली पानं तिच्या नावाची, पुढची माझ्या. २०२३ पासून महापालिकेचा परवाना माझ्या नावावर आहे. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया २०२४ मध्ये मीच करून घेतली. आता नणंदेच्या वकिलांची नोटीस आली आहे: १५ दिवसांत कुत्री ताब्यात द्या, नाहीतर फौजदारी.

तीन वर्षं उलटली म्हणजे आता ती माझीच, असं एकजण म्हणाले. खरं आहे का? शिवाय पाच वर्षांच्या खर्चाचा हिशेब तयार आहे, तो उद्या नणंदेला पाठवणार आहे.

कलम_आणि_कागद

तो हिशेब तूर्त पाठवू नका. कारण पुढे सांगतो.

कायद्याच्या लेखी कुत्री ही जंगम मालमत्ता. लहान मुलाच्या ताब्याच्या दाव्यात मुलाचं हित आधी पाहतात. पाळीव प्राण्यासाठी आपल्याकडे तशी कायद्यात लिहिलेली कसोटी नाही. न्यायाधीश माणूसच असतो, त्याच्या मनात ते येतंच, पण दावा उभा राहतो तो वस्तूच्या मालकीवर. म्हणून सगळा प्रश्न एका जागी येऊन थांबतो: कुत्री तुमच्याकडे *कशी* आली? ठेव म्हणून, की दान म्हणून?

"बस्तान बसेपर्यंत बघाल ना" ही सरळ सरळ ठेव. भारतीय करार कायदा १८७२, कलम १४८. ठेवीत मालकी देणाऱ्याकडेच राहते, सांभाळणारा कितीही वर्षं सांभाळो. आता तीन वर्षांचं. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७० नुसार ठेवलेली जंगम वस्तू परत मिळवायची तीन वर्षं मोजायची ती मागणी केल्यावर सांभाळणाऱ्याने नकार दिला त्या दिवसापासून, वस्तू दिली त्या दिवसापासून नव्हे. तुम्ही अजून नकार दिलेला नाही, म्हणजे घड्याळ सुरूच झालेलं नाही. "तीन वर्षं सांभाळला की आपला" हे ज्यांनी सांगितलं त्यांनी बहुधा चोरी-अपहाराचा अनुच्छेद ६८ अर्धवट वाचलाय. तिथेही मुदत सुरू होते ती वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला कळल्यापासून.

तुमचा खरा हुकमी कागद आहे २०२२ मधलं "तुमचीच झाली वहिनी". मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२३: जंगम वस्तूचं दान नोंदणीकृत दस्ताने होतं किंवा नुसता ताबा देऊनही होतं. समोरून म्हणतील की त्या दिवशी ताबा कुठे दिला, कुत्री तर आधीपासून तुमच्याकडेच होती. त्याचं उत्तर त्याच कलमात आहे: विकलेल्या मालाचा ताबा जसा देता येतो तसाच दानाचाही देता येतो, आणि माल विक्री कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे दोन्ही पक्षांनी जे ताबा देणं मानलं ते ताबा देणंच. कुत्रीला एकदा विमानतळावर नेऊन परत आणायची गरज नव्हती. आणि स्वीकारलेलं दान मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, कलम १२६.

मात्र दान झालं हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. समोरचे वकील म्हणणार, "बोलण्याच्या ओघातलं प्रेमाचं वाक्य आहे." म्हणून त्या वाक्याच्या *नंतरचं* वागणं दाखवा: पैसे पुन्हा आले नाहीत, चौकशी थांबली, परवाना तुमच्या नावावर निघाला आणि तिने हरकत घेतली नाही. त्या वाक्यानंतर नणंदेकडून खाण्यासाठी म्हणून एकदाही पैसे आले असतील तर बाजू बरीच लंगडी होईल. बँकेचा उतारा आधी स्वतः नीट तपासा.

आता हिशेबाचं. कलम १५८ नुसार बिनमोबदला सांभाळणाऱ्याला आवश्यक खर्च मालकाकडून मिळतो. म्हणजे तुम्ही खर्च मागितलात की तिला मालक म्हणून मान्य केलंत! स्वतःच्या कुत्रीच्या खाण्याचे पैसे कोणी दुसऱ्याकडे मागत नाही. नोटिशीच्या उत्तरात क्रम असा हवा: मुख्य म्हणणं दान, आणि ते मान्य न झाल्यास, हक्काला बाध न येता, पर्यायाने २०२१ पासूनचा खर्च. हे वकिलाकडून लिहून जाऊ द्या, व्हॉट्सॲपवरून नको.

पायरीवरचा_वकील

वरच्या प्रतिसादात फौजदारीचं राहिलं.

कुत्री तिने स्वतःच्या हाताने दिली, त्यामुळे चोरी बसत नाही. धमकी असेल ती विश्वासघाताच्या अपहाराची, भारतीय न्याय संहिता कलम ३१६. त्यात अप्रामाणिक हेतू लागतो. "ती मला दिली आहे" असा कागदाला धरून प्रामाणिक दावा असेल तर हेतूच उभा राहत नाही. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा "दिवाणी बाब आहे" म्हणून अदखलपात्र नोंद करून पाठवतात. तरी उत्तराची आणि त्या चॅटची प्रत हाताशी ठेवा. गुन्हा नोंदला गेलाच तर कुत्री कागदोपत्री मुद्देमाल होते आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन, असं लिहून देऊन) सोडवून आणावी लागते. ते टाळलेलं बरं.

आणखी एक. नणंदेच्या बाजूचं कोणी बिस्कीट दाखवून फाटकातून घेऊन गेलं तर? संहितेच्या कलम ३०३ मध्ये हेच उदाहरण आहे: खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, तर कुत्रा मागे चालू लागला त्या क्षणी चोरी पूर्ण. अर्थात नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा लागतो, आणि नणंदही "माझीच आहे" म्हणणार. तेव्हा फाटकाला कुलूप आणि सोसायटीच्या रखवालदाराला लेखी सूचना, हे कलमापेक्षा उपयोगी.

चॅटचा पुरावा: नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) त्यात लिहितात. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चा नमुना अजून सर्रास फिरतोय, तो वापरू नका.

नणंद परदेशात आहे, म्हणजे दावा बहुधा कुलमुखत्यारामार्फत येईल. मुखत्यारपत्र तिकडे झालं असेल तर ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा, ते पाहा. शिवाय "तुमचीच झाली" म्हणताना मनात काय होतं, याची साक्ष मुखत्यार तिच्या वतीने देऊ शकत नाही. जे फक्त मूळ व्यक्तीला माहीत आहे त्याबद्दल मुखत्याराची साक्ष चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलंय. तिला स्वतः उलटतपासणीला उभं राहावं लागेल. वाटाघाटीत याचं वजन मोठं असतं.

टोचणी

प्राण्यांच्या दवाखान्याच्या बाजूने.

परवाना आणि पुस्तिका ठीक, पण सगळ्यात बोलका कागद शस्त्रक्रियेचं संमतीपत्र. भूल देण्याआधी "मी या प्राण्याचा मालक असून जोखीम समजली आहे" अशा मजकुराखाली सही घेतात. काही दवाखान्यांत मालक आणि सांभाळणारा असे दोन रकाने असतात. तुमची खूण कोणत्या रकान्यात आहे ते बघा. डॉक्टरांकडून त्याची आणि सगळ्या केसपेपरची सही-शिक्क्याची प्रत आत्ताच घ्या, दवाखाने जुने कागद कायम जपत नाहीत.

केनेल क्लबचं प्रमाणपत्र वंशावळ आणि नोंद दाखवतं. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून मालकी शाबीत होत नाही, तसंच. पण दान मिळाल्यावर नाव बदलून का घेतलं नाही, हा प्रश्न येणार. बदलाच्या अर्जावर जुन्या मालकाची सही लागते, हे उत्तर तयार ठेवा.

कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक स्कॅन करून घ्या. चिपमध्ये फक्त क्रमांक असतो, नाव-पत्ता नाही. तो कोणत्या नोंदवहीत कोणाच्या फोन नंबरवर टाकलाय ते महत्त्वाचं. बऱ्याच वेळा कुठेच टाकलेला नसतो.

आणि घाबरू नका, कुत्री रातोरात जर्मनीला जात नाही. युरोपीय संघाच्या नियमात आधी चिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्य प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी (०.५ आययू प्रति मिलि किंवा जास्त), आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणं. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. पहिल्यापासून सुरुवात केली तर चार महिने सहज जातात. आधीची चाचणी झालेली असेल आणि त्यानंतर रेबीजचा एकही डोस चुकला नसेल तर मात्र थांबावं लागत नाही, म्हणून जुना अहवाल आहे का ते पाहून घ्या.

कोपऱ्यातली_मनी

याच धाग्यात विचारते. आमची आत्या गेली, विधवा, मूलबाळ नाही. मांजर कोणी नेलं नाही म्हणून मी आणलं. आता तिच्या दिराची मुलं मागतायत. मी सख्खी भाची, माझा हक्क आधी ना?

कलम_आणि_कागद

नाही, उलट आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ लागू आहे असं धरून: कलम १५ प्रमाणे मुलं आणि नवरा नसतील तर विधवेची मालमत्ता *नवऱ्याच्या* वारसांकडे जाते. माहेरचे त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परतते, पण हे मांजर काही आत्यांना आईवडिलांकडून वारशाने आलेलं नसणार. म्हणजे दिराच्या मुलांचा हक्क तुमच्या आधी.

अपवाद दोन. मृत्युपत्र असेल तर तेच चालतं. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत. किंवा आत्यांनी हयातीतच मांजर तुम्हाला दिलं असेल आणि कोणी पाहिलं असेल. "मालक" या शब्दात ताबेदारही येतो म्हणून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० दाखवू नका. तिथली व्याख्या खाऊपिऊ घालण्याची जबाबदारी टाकण्यासाठी आहे, मालकी देण्यासाठी नाही.

देशी मांजराची बाजारकिंमत जवळपास शून्य, त्यामुळे दावा कोणी लावेलसं वाटत नाही. सगळ्या वारसांच्या सह्यांचं ना-हरकत पत्र घ्या. एकट्या थोरल्याची सही घेतली तर फक्त त्याचा हिस्सा सुटतो.

सदाफुली

हिशेब पाठवला नाही. उतारा पाहिला, त्या वाक्यानंतर पैसे आलेले नाहीत. संमतीपत्रावर "मालक" रकान्यात माझी सही आहे. आता उत्तर दिल्यावर ती दाव्यात गेली तर कुत्री मधल्या काळात कुठे राहते?

पायरीवरचा_वकील

मग पाया बरा आहे. दावा विनिर्दिष्ट साहाय्य कायदा १९६३, कलम ७ व ८ खाली येईल. निकालापर्यंत न्यायालय साधारणपणे जैसे थे ठेवतं: कुत्री जिथे आहे तिथे, विकायची नाही, राज्याबाहेर न्यायची नाही, दर महिन्याला डॉक्टरांचा दाखला. भेटीची वेळ तुम्हीच देऊ करा, चांगलं दिसतं. निकाल विरुद्ध गेला तर हुकूमनाम्यात कुत्रीबरोबर पर्यायी रक्कमही लिहावी लागते, दिवाणी प्रक्रिया संहिता आदेश २० नियम १०. पण "पैसे भरून टाकू" असं धरून चालू नका. आदेश २१ नियम ३१ खाली वस्तूच जप्त करून देता येते.

त्याआधी शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज द्या. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि नणंदेला ऑनलाइन बसवता येतं का ते विचारा. तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा करून घ्या, त्यावर अपील नाही. मसुद्यात तीन ओळी हव्यातच: मालकी कोणाची, केनेल क्लबच्या बदल अर्जावर नणंदेची सही किती दिवसांत, आणि मागच्या खर्चाची मागणी दोघींनीही सोडली.