जुन्या बॉक्सएन वॅगन भंगारात काढायच्या की नवी बॉडी चढवायची?

रुळावरचा:
परवा सिक लाइनला, म्हणजे नादुरुस्त डबे ठेवतात त्या रुळावर, उभी असलेली एक बॉक्सएन (कोळसा वाहणारी वरून उघडी वॅगन) जवळून पाहिली. खालच्या दीड-दोन फुटांतल्या पत्र्याची चाळणी झालेली, एक दार कायमचं वेल्ड केलेलं, कोपऱ्यात ओल्या कोळशाचा थर दगडासारखा बसलेला. पण वाकून खाली पाहिलं तर बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, धडधाकट, चाकं अलीकडेच बदललेली.

ही वॅगन 1980 च्या दशकात आली, तेव्हा तिने मालगाडीचं रूप पालटलं. आधीची बॉक्स वॅगन पावणेचौदा मीटर लांब आणि व्हॅक्युम ब्रेकची. बॉक्सएन 10.7 मीटर, उंच आणि एअर ब्रेकची. म्हणून 58 डब्यांची रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग) सव्वासहाशे मीटरच्या आत बसू लागली. चंद्रपूर, कोराडी, पारस इथल्या वीजकेंद्रांना कोळसा पोचवण्यात तिने हयात घालवली. अशी वॅगन निव्वळ वय झालं म्हणून कापणं मला पटत नाही. पत्रा गेला म्हणजे वॅगन गेली असं नाही. स्टेनलेस स्टीलची बॉडी चढवून तिची बॉक्सएनआर करता येते. कोळशातलं गंधक आणि पाणी मिळून जे आम्ल होतं, ते साध्या पत्र्याइतकं स्टेनलेसला खात नाही.

लूपलाइन:
दादा, जिव्हाळा समजतो, पण जरा वजनाचा हिशेब करा. बॉक्सएनचं रिकामं वजन 22.47 टन, तिच्यानंतर आलेल्या हलक्या बॉक्सएनएचएलचं 20.6. एका रेकमागे शंभर टनांहून जास्त फरक, आणि कोळशाची रेक परतताना बहुधा रिकामीच येते. म्हणजे हा बोजा दोन्ही बाजूंनी ओढायचा. शिवाय एचएलमध्ये 71 टन माल बसतो. बॉक्सएनची मूळ क्षमता 58.81 टन, त्यावर 8 टन जादा भरले तरी डब्यामागे चार टन मागेच. मार्ग तुंबलेला असताना प्रत्येक फेरीत अडीचशे टन सोडायचे?

रुळावरचा:
हिशेब बरोबर आहे. पण नवी वॅगन फुकट येत नाही, आणि धडधाकट बोगी वितळवणं ही उधळपट्टीच. जिथे कोळशाचा रेटा कमी आहे तिथे जुनी वॅगन अजून चालू शकते.

जुना टीएक्सआर:
मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागातून टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा, म्हणून निवृत्त झालो, म्हणून दोघांनाही थोडं अडवतो. रुळावरचा, बोगी धडधाकट दिसली म्हणून अंडरफ्रेम (बॉडी पेलणारा खालचा सांगाडा) धडधाकट असं समजू नका. ही वॅगन 20.32 टन एक्सल लोडसाठी (चाकांच्या एका जोडीवरचं वजन) बनली होती आणि 2005 नंतर तिच्यावर जादा माल चढवला गेला. त्याचा ताण सेंटर सिलच्या, म्हणजे अंडरफ्रेमच्या मधल्या तुळईच्या, वेल्डमध्ये साठतो. बारीक तडा कोळशाच्या काळ्या धुळीखाली दिसतच नाही. आम्ही आधी ब्रशने घासायचो, मग टॉर्च तिरपी धरायचो. आरओएच, म्हणजे ठरलेली डेपोतली दुरुस्ती, दर 18 महिन्यांनी होते, पण तडा तारीख पाहून येत नाही.

आणि लूपलाइन, नवी वॅगन आणली तरी ती त्याच टिपलरवर, म्हणजे डबा धरून उलटा करणाऱ्या यंत्रावर, जाणार. क्लॅम्प नीट बसला नाही की वरची कडा दबते. टिपलर नसेल तिथे पोकलेन आत हात घालतो आणि पावसाळ्यात चिकटलेला कोळसा काढताना बकेट थेट तळाच्या पत्र्यावर आपटतं. एका सायडिंगला मी रेक तपासली तेव्हा सात डब्यांची दारं तारेने बांधलेली होती. ते दार वाटेत सुटलं आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला लागलं तर? मी सातही डबे काढायला लावले. वरून रेक उशिरा सुटल्याचा जाब मलाच विचारला गेला. अजूनही तो राग गेलेला नाही.

लूपलाइन:
टीएक्सआर काका, हे मान्य. पण मग जुन्यावर आणखी पैसा का घालायचा? एचएल निदान जास्त माल तरी नेते.

रुळावरचा:
काकांचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. अंडरफ्रेमची अल्ट्रासोनिक तपासणी आधी, बॉडीचा निर्णय नंतर. तडा सापडला तर कापा, मी आडवा येणार नाही. पण तपासल्याशिवाय फक्त वय बघून अख्खी खेप भंगारात काढायला माझा विरोध कायम आहे.

जुना टीएक्सआर:
तपासणीला माणसं हवीत, डब्यामागे वेळ हवा आणि डब्याखाली बसून पाहायला पिट लाइन, म्हणजे रुळांमध्ये खड्डा असलेली लाइन, हवी. हे तिन्ही मिळत असेल तर मी तुमच्या बाजूने.