एकशिक्षकी शाळांचं काय?
व्हॉट्सॲप गट काढला की शिक्षकांची साथ आपोआप जमते, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटावर परिपत्रकं आणि सुप्रभातच जास्त. पहिली ते चौथी एकटीने सांभाळणाऱ्या बाईंना अडलेलं विचारायला शेजारी वर्गच नसतो.

आम्ही काहीजण शनिवारी दुपारी वाळपईला बसतो. प्रत्येकाने फसलेला एक पाठ आणायचा, मुलांच्या वह्यांसकट. हातच्याच्या वजाबाकीत वरच्या संख्येत मधे शून्य आलं की सगळीकडचीच मुलं अडतात, हे वह्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं. वरिष्ठांना मुद्दाम बोलवत नाही. साहेब समोर असले की सगळ्यांचेच पाठ उत्तम झालेले असतात! २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. त्यात हे तास धरायला हवेत.