पुनर्विकासातले फ्लॅट: चिठ्ठी घराची काढायची की नंबराची?

नौपाडावासी

आमची ठाण्याच्या विष्णूनगरातली सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. तीन मजली, लिफ्ट नसलेली, सोळा बिऱ्हाडं. नव्या टॉवरमध्ये सभासदांना दुसरा ते पाचवा मजला, मजल्यावर चार घरं, कार्पेट एरिया सगळ्यांचा सारखा. वरचे मजले बिल्डर विकणार. कोणाला किती यावरचं भांडण मिटलं, आता कोणाला कुठलं यावरून जुंपली आहे.

कमिटी म्हणते, डब्यात सोळा घरांच्या चिठ्ठ्या टाका आणि हाताला येईल ते घ्या. माझं म्हणणं, चिठ्ठी नंबराची काढा. ज्याचा पहिला नंबर त्याने सोळांतून निवडावं, दुसऱ्याने उरलेल्या पंधरांतून, असं शेवटपर्यंत. नशीब दोन्हीकडे तेवढंच. पण कमिटीच्या डब्यात कोणाला काय हवंय हे कोणी विचारतच नाही. आमच्या शेजारच्या आजींना गुडघ्यांपायी दुसरा मजला हवा, आयटीतल्या पोराला पाचवा हवा, आणि एका कुटुंबाला काहीही चालेल, फक्त दार दक्षिणेला नको. आवडी वेगवेगळ्या आहेत हे आपलं भाग्यच, त्याचा उपयोग तरी करून घ्या. विरोध असेल तर कारणासकट लिहा, पुढच्या सभेत ठराव मांडायचाय.

माजी सेक्रेटरी, चरई

ठराव पडणार, लिहून ठेवा. डब्यातून वाईट घर निघालं तर माणूस नशिबाला शिव्या देतो. तुमच्या पद्धतीत तो आपल्या आधी उचलणाऱ्या शेजाऱ्याला देईल, आणि पुढची तीस वर्षं त्याच शेजाऱ्याबरोबर लिफ्टमधून वर-खाली करेल. शिवाय अकराव्या नंबराचा माणूस दहा जणांना निवडताना बघत बसणार. प्रत्येक जण वास्तुवाल्याला फोन लावणार. सभा रात्री दोनला संपेल.

आणि सहकार कायद्याच्या कलम 79अ खालचे 2009 चे शासनाचे निर्देश वाचले होतेत का? शक्यतो आहे त्या मजल्याच्या क्रमाने द्या, गरज पडली तर सोडत काढा, असं त्यांत होतं (2019 मध्ये त्यांच्या जागी नवे आले). सोडत सगळ्यांना कळते. म्हाडा असो वा सिडको, लोक वाट्टेल ते बोलतात, पण सोडतीपुढे मान तुकवतात.

दोन अधिक दोन

सेक्रेटरीसाहेब, घरांच्याच चिठ्ठ्या काढा, फक्त तिथे थांबू नका. समजा आजींना 402 निघाला, त्यांना हवा 203. तो निघालाय त्या दक्षिण दार नको म्हणणाऱ्यांना, त्यांना हवा 501. तो आहे दुकानवाल्या काकांकडे, त्यांना रस्त्याचा आवाज नको म्हणून मागच्या बाजूचा 402 हवाय. यातल्या कुठल्याही दोघांची थेट अदलाबदल जमत नाही, म्हणून आजी 203 वाल्यांकडे जातात आणि नकार घेऊन परत येतात. तिघांना एकत्र बसवलं तर तिघांचंही काम होतं.

हे योगायोगावर सोडावं लागत नाही. प्रत्येकाने आपलं सर्वांत आवडतं घर सध्या ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बोट दाखवायचं. स्वतःचंच आवडत असेल तर स्वतःकडे. कुठेतरी एक फेरा बंद होतोच, कारण माणसं मोजकी आणि बोट प्रत्येकाचं. त्या फेऱ्यातल्यांना हवं ते देऊन बाजूला करा, उरलेल्यांनी उरलेल्या घरांसाठी पुन्हा बोटं दाखवायची. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ या अर्थतज्ज्ञांनी 1974 मध्ये हे मांडलं, युक्तीचं श्रेय डेव्हिड गेल यांना दिलं. चिठ्ठीत निघालं त्याहून वाईट घर कोणाच्याच गळ्यात पडत नाही. आवड खोटी सांगूनही फायदा होत नाही, हे 1982 मध्ये अल्विन रॉथ यांनी सिद्ध केलं. शॅप्ली आणि रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता गंमत. अब्दुलकादिरोग्लू आणि सोनमेझ या अर्थतज्ज्ञांनी 1998 मध्ये दाखवलं की चिठ्ठीने घर देऊन असे फेरे लावा, नाहीतर चिठ्ठीने नंबर देऊन निवडू द्या, कुठलं घर कोणाला मिळण्याची शक्यता किती हे दोन्हीकडे तंतोतंत सारखं येतं. म्हणजे कमिटीने पुढे अदलाबदल मान्य केली तर तुमच्या भांडणात गणिताला काही पडलेलं नाही.

कळवेकरीण

सगळं फुकटात वाटायचं चाललंय. 203 रस्त्यावर, खाली गणपतीचा मांडव, आणि 501 मोकळ्या बाजूला. बाजारात दोन्ही एकाच भावाने जातील का? बिल्डर गिऱ्हाइकाकडून फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, घेतो, मग सभासदांनी आपसात का लावू नये? चांगलं घर घेणाऱ्याने पैसे भरावेत, ते कमी चांगलं घर मिळालेल्यांना कॉर्पसमध्ये, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो त्या रकमेत, वाढवून द्यावेत. भाड्याच्या घरातल्या खोल्यांसाठी गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी 1999 मध्ये दाखवलंय की साधारण अटींत भाडं असं वाटता येतं की प्रत्येकाला आपापलीच खोली त्या भाड्यात सर्वांत बरी वाटते. हेवा उरत नाही. तुमच्या फेऱ्यांत शेवटी उरलेल्याच्या हातात काय? ‘आपलं नशीब’.

माजी सेक्रेटरी, चरई

आणि पेन्शनवरच्या माणसाच्या हातात काय? पैसे आले की पाचव्या मजल्यावर पैसेवाले, दुसऱ्यावर पेन्शनर. कागदावर हेवा शून्य. चाळीस वर्षं एकाच जिन्याने चढलेल्या लोकांत हे मी तरी होऊ देणार नाही.

नौपाडावासी

पैशांना माझाही विरोध. फेऱ्यांचं पटलं, तेच मांडतो. घरांच्या चिठ्ठ्या म्हटल्यावर कमिटीलाही नाही म्हणता येणार नाही. पण आजींसाठी दुसऱ्या मजल्यावरचं एक घर आधीच राखून ठेवलं तर?

कळवेकरीण

राखून ठेवा. आठवडाभरात सोळाही घरांत गुडघे दुखायला लागतील.

दोन अधिक दोन

खरंय. ठरवायचंच तर वयावर ठरवा, वय खोटं सांगता येत नाही. आणि एक अडचण मीच सांगतो. दोन भाऊ ‘आम्हाला शेजारी-शेजारीच हवीत’ म्हणाले तर ही पद्धत लंगडी पडते. ती एकाला एक घर धरून चालते, जोडीने मागणी आली की वरच्या हमी लागू राहत नाहीत. तसे किती जण आहेत ते आधी विचारून घ्या.

माजी सेक्रेटरी, चरई

वापरायचीच असेल तर फेरे बिल्डरबरोबरचे करार रजिस्टर होण्याआधी लावा. नंतर अदलाबदल म्हणजे वेगळा दस्त आणि वर स्टॅम्प ड्युटी. पसंतीक्रम सगळ्यांकडून सहीनिशी, बंद पाकिटात घ्या. सभेत तोंडी बोटं दाखवायला लावलीत तर सून एकीकडे दाखवेल आणि सासू दुसरीकडे.

नौपाडावासी

पाकिटाचं घेतलं. पण सही करून नंतर फिरला तर त्याच्या फेऱ्यातल्या बाकीच्यांचं काय, यावर ठरावात काय लिहू?