‘वानगी’ नको, ‘नमुना’च बरा: कोर्टात जाणाऱ्या बाटलीबद्दल

प्रदूषणाच्या खटल्यांची कागदपत्रं मराठीत आणताना ‘सॅम्पल’ला ‘वानगी’ म्हणावं, अशी सूचना झाली आहे. शब्द गोड आहे, पण इथे तो घात करेल. वानगी म्हणजे व्यापारी स्वतः निवडून दाखवतो ते मूठभर धान्य. नमुना तपासणारा काढतो. पोत्यात नळी कुठे खुपसायची हे विकणाऱ्याने ठरवलं, तर तपासणी कसली?

‘शितावरून भाताची परीक्षा’ही नाल्याला लागू पडत नाही. पातेल्यातला भात एकसारखा शिजतो. कारखान्याचं सांडपाणी तासातासाला बदलतं. म्हणून ठरावीक अंतराने पाणी घेऊन एकत्र केलेल्याला ‘संमिश्र नमुना’ म्हणतात, तो शब्द चपखल आहे. एकाच वेळी, एकदाच भरून घेतलेल्या ‘ग्रॅब सॅम्पल’साठी मी ‘एकवेळचा नमुना’ लिहितो.

क्रियापदही जपून वापरा. ‘नमुना घेतला’ एवढ्याने भागत नाही. १९७४च्या जल कायद्याचं कलम २१ सांगतं: आधी नोटीस, मग कारखानदाराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर दोन भाग, दोन्हींवर खूण, सील आणि नमुना घेणारा व समोरचा अशा दोघांच्या सह्या. दिल्ली बॉटलिंग कंपनीच्या खटल्यात १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम न पाळलेला अहवाल पुरावा म्हणून धरला नाही. म्हणून ‘नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद केले’ असं पूर्ण वाक्य यायला हवं.

‘चेन ऑफ कस्टडी’चं ‘अभिरक्षा-शृंखला’ मला अजिबात पटत नाही. बाटली कोणाकडून कोणाकडे, किती वाजता गेली, हेच सांगायचं ना? मग ‘ताबा-नोंद’ म्हणा. पोलिसांची ‘मुद्देमाल पावती’ याच कुळातली.

ती वेळ महत्त्वाची का, ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत दिसतं. बुडबुडा न येऊ देता बाटली भरायची आणि तिथेच काठावर दोन रसायनं घालायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं. हे काम प्रयोगशाळेवर ढकललं की आकडा नाल्याचा राहत नाही.

आणि ‘फील्ड ब्लँक’? शुद्ध पाण्याची बाटली नाल्यावर नेऊन उघडायची, बंद करायची, त्याच बर्फाच्या पेटीतून परत आणायची. तिच्यात काही सापडलं तर दोष आपल्या हाताळणीचा. तिला ‘कोरा नमुना’ म्हणावं. कोऱ्या कागदासारखा: आधी काही लिहिलेलं नाही, हे दाखवणारा.