भिंतीतून आलेले ते हात बघून अंगावर काटा का येतो?

साक्रीवाला:
परवा भाचीला घेऊन ब्यूटी अँड द बीस्ट बघितला, कार्टूनवाला नाही हां, झाँ कॉक्तो या डायरेक्टरचा १९४६ सालचा ब्लॅक अँड व्हाइट फ्रेंच. वाटलं पोरगी दहा मिनिटात उठून जाईल, पण हिरॉईन बेलचा बाप रात्रीचा त्या बीस्टच्या, म्हणजे जनावराच्या तोंडाच्या राक्षसाच्या महालात शिरतो ना तिथे एकदम गप झाली. अंधारा बोळ, भिंतीतून माणसांचे नुसते हात बाहेर आलेले, हातात मेणबत्त्या, आणि बाप जसजसा पुढे जातो तसतशा त्या आपोआप पेटत जातात. शेकोटीशेजारचे पुतळे डोळे हलवतात, नाकातोंडातून धूर सोडतात. भाची म्हणे मामा ते हात कोणाचे? आता काय सांगणार. भिंतीमागे माणसं उभी केलीत हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरी काटा येतो. नव्या पिक्चरात करोडो रुपये घालून का नाही येत?

यावलची_केळी:
भो ते मेणबत्त्यांचं उलटं शूट केलंय. पेटलेल्या विझवत नेल्या, नट मागे मागे चालला आणि मग रीळ उलटी फिरवली. म्हणून बापाच्या चालण्यात कायतरी चुकल्यासारखं वाटतं, डोळ्याला कळतं पण डोक्याला सापडत नाही, मला वाटतं काटा तिथेच येतो. बेलचंही तेच, पडदे उडतात त्या लांब पॅसेजमधे ती चालत नाही, सरकते. चाकांच्या पाटावर उभं करून ओढलंय तिला. आणि गंमत बघ, तिच्या घरचे सीन साध्या उजेडात आहेत, अंगणात धुणं वाळतंय वगैरे, सगळी जादू महालापुरती. ऑन्री अलकाँचा कॅमेरा आणि क्रिस्तियाँ बेरारचे सेट आणि कपडे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, फिल्म मिळायची मारामार, वीज मधेच जायची. लोडशेडिंग काय आपलीच मक्तेदारी नाही 😄

जळगाव_टू_भुसावळ:
शिव्या घाला पण मला बोअर झाला. स्टोरी इतकी हळू की मी मधे उठून चहा करून आलो तरी बेल जिन्यावरच. आणि शेवट तर फसलाच, एवढा जीव लावलेला बीस्ट जातो आणि त्याच्या जागी गुळगुळीत राजकुमार. बेलचं तोंड बघा तेव्हा, तिलाही पटलेलं दिसत नाही.

नाना_धुळेकर:
अहो भाऊ, ते मुद्दामच आहे. बीस्ट, राजकुमार आणि बेलच्या मागे लागलेला तो गावातला आवनाँ, तिन्ही रोलमधे नट एकच, झाँ मारे. आता मेकअपचं सांगतो. पाच तास लागायचे त्याला, एकेक केस चिकटवलेला, स्वतःचे उरले ते फक्त डोळे. आमच्या लहानपणी गावात भोवाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव व्हायचा तेव्हा टेंभ्याच्या उजेडात सोंगं नाचायची. मुखवटा लाकडाचा, रंग उडालेला, दिवसा ओट्यावर ठेवलेला बघितला तर हसू यायचं. पण रात्री ज्योत हलली की त्याच्या गालावरची सावली हलायची आणि आम्ही आईच्या पदराआड. सोंग आमच्याच गल्लीतला माणूस घेऊन नाचतोय हे माहीत असायचं बरं का. अर्धं काम टेंभा करतो अन् अर्धं आपण. या पिक्चरातही कॉक्तो सुरुवातीलाच लिहून सांगतो की थोडं लहान पोरांसारखं होऊन बघा. आणि शिकार करून आल्यावर बीस्टच्या पंजातून धूर निघतो तो सीन आठवा, स्वतःच्या हातांकडे बघतो आणि लाजेने कुठे तोंड लपवू असं होतं त्याला. डायलॉगची गरजच नाही.

साक्रीवाला:
नाना, भारी शे! आणि केळी, तुझं वाचून काल मोबाईलवर करून बघितलं. मेणबत्ती फुंकली, शूट केलं, ॲपमधे उलटं केलं. आधी हवेतला धूर गोळा होतो, खाली उतरत वातीत शिरतो आणि भक्कन ज्योत. भाचीने निदान वीसदा बघितलं. आता म्हणते मामा, घराच्या भिंतीला हात घालण्यापुरतं भोक पाड.