मदत हवी आहे: ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, आता आठ वर्षांच्या फाइलींचं काय करू?

नमस्कार मंडळी, आधीच सांगते, लांबण लागणार आहे. मी चित्रं काढते आणि पुस्तकांची मांडणी करते, एकटीच, हाताखाली कोणी नाही. आठ वर्षं एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतेय, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. एकदाच पैसे भरायचे, दरमहा भाडं नाही, म्हणून तर घेतलं होतं. आता ती कंपनी एका मोठ्ठ्या कंपनीनं घेतलीय. मेल आलं, त्यात पहिल्याच ओळीत "तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही" आणि तेच वाचून पोटात गोळा आला, कारण काही बदलणारच नसेल तर मेल कशाला पाठवतात? पंधरा दिवसांत प्रोग्राम उघडला की नवीन खातं काढा अशी पाटी यायला लागली.

माझं घोडं असं अडलंय की नऊशेच्या आसपास फाइली ह्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहेत, दुसरं काहीच त्या उघडत नाही, आणि लोक चार-चार वर्षांनी येऊन म्हणतात जरा एवढं नाव बदलून द्या ना. मग मी आत्ताच पळू का थांबू? आणि "कायमचं लायसन्स" म्हणजे नेमकं किती कायमचं, त्यांनी सर्व्हर बंद केला तर? प्लीज "अमुक सॉफ्टवेअर घे" एवढंच लिहू नका, ते मला पण माहितीये.

जुनं_खोड
फ्रीहँड हे चित्रं काढायचं जुनं सॉफ्टवेअर आठवतंय का कुणाला? त्याची कुंडली ऐका. १९९४ मध्ये अडोबीनं फ्रीहँड विकणारी आल्डस कंपनी घेतली, पण अडोबीचं स्वतःचं इलस्ट्रेटर आणि फ्रीहँड एकाच घरात नकोत म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फ्रीहँड मूळ कंपनीला, आल्टसिसला, परत द्यायला लावलं. मग मॅक्रोमीडियानं आल्टसिसच घेतली, आणि २००५ मध्ये अडोबीनं सुमारे ३.४ अब्ज डॉलरला मॅक्रोमीडिया घेतली, म्हणजे फिरून गाडी तिथंच. २००७ मध्ये पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. गंमत म्हणजे आज फ्रीहँडच्या फाइली उघडायला लिबरऑफिस ड्रॉ कामी येतो, फुकटातला. पण मांडणी जशीच्या तशी येईल ह्या भरवशावर राहू नका, मी माझ्या पीडीएफ काढून ठेवल्या नव्हत्या, आळस माझाच.

तीनमिती
घेणाऱ्याचा धंदा कशावर चालतो ते आधी बघा, मेलमधली गोड भाषा नंतर. ऑटोडेस्कनं २००८ मध्ये सॉफ्टइमेज हे थ्रीडी सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा घरात त्याच कामाच्या माया आणि थ्रीडीएस मॅक्स ह्या दोन सवती आधीच नांदत होत्या, २०१४ मध्ये शेवटची आवृत्ती जाहीर करून सॉफ्टइमेज गुंडाळलं. ॲपलनं २००२ मध्ये इमॅजिक कंपनी घेतली आणि काही महिन्यांत तिच्या लॉजिक ह्या संगीताच्या सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्ती बंद, कारण त्यांना मॅक विकायचे होते, पण मॅकवर लॉजिक आजही जोरात आहे. उलट ब्लॅकमॅजिकनं २००९ मध्ये दा विंची घेतली, ते कॅमेरे आणि कार्डं विकतात, त्यामुळे त्यांनी दा विंचीच्या रिझॉल्व्ह ह्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची चक्क फुकट आवृत्ती काढली. ॲफिनिटी ह्या चित्र-फोटो-मांडणीच्या सॉफ्टवेअरचं बघा, मार्च २०२४ मध्ये कॅनव्हा ह्या ऑनलाइन डिझाइनवाल्या कंपनीनं घेतलं, लोक म्हणाले आता भाडं सुरू, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिन्ही प्रोग्राम एकत्र करून फुकट दिले, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयची हत्यारं पैसे भरणाऱ्यांना. तर तुमच्या नव्या मालकाकडे तुमच्यासारखंच दुसरं सॉफ्टवेअर आहे का? असेल तर फार वाट बघू नका.

धागाकर्ती
आहे ना! तेच तर आहे. पण अडोबी फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर घेणार होती ते फिसकटलं, तसा हा सौदा फिसकटू शकतो का, म्हणजे थोडी तरी आशा?

तीनमिती
मेल नीट वाचा, "घेतली" आहे का "घेणार आहोत". फिग्माचा २० अब्ज डॉलरचा सौदा सप्टेंबर २०२२ मध्ये नुसता जाहीर झाला होता, युरोपियन युनियन आणि ब्रिटनचे नियामक आडवे आले, डिसेंबर २०२३ मध्ये रद्द, वर अडोबीला १ अब्ज डॉलर द्यावे लागले. तुमच्याकडे खात्याची पाटी यायला लागलीय म्हणजे बहुतेक किल्ल्या हातात पडल्यात.

बॅकपवाला
वरचं सगळं बरोबर, पण ताई, तुम्ही पळा किंवा थांबा, फाइली आज बाहेर काढा, प्रोग्राम चालतोय तोवरच. सगळ्या नऊशे नकोत, ज्यांचं काम परत येतं त्या आधी. प्रत्येकीच्या दोन पीडीएफ करा, एकीत अक्षरं अक्षरंच ठेवा आणि दुसरीत त्यांचे आकार करून टाका, कारण पहिलीत पुढे दुरुस्ती करता येते पण फाँट नसेल तर वाट लागते, दुसरीत दिसणं शाबूत राहतं. दुसऱ्या प्रोग्रामात पीडीएफ उघडली की परिच्छेदाच्या सुट्या ओळी होतात हे धरून चाला, म्हणून मजकूर वेगळ्या फाइलीतही ठेवा. छपाईचं काम एसव्हीजीत (वेबसाठीचा चित्रांचा फॉरमॅट) काढू नका, त्यात छपाईच्या सीएमवायके रंगांचा घोळ होतो आणि पानंही एकेकच. जोडलेले फोटो आणि फाँट त्याच फोल्डरात घाला.

लायसन्सचं म्हणाल तर कायमचं म्हणजे वापरायचा हक्क कायमचा, पण नव्या मशीनवर टाकताना सर्व्हरला विचारावं लागत असेल तर तो हक्क सर्व्हरच्या आयुष्याइतकाच. इन्स्टॉलरची फाइल, लायसन्स की आणि पावती उतरवून ठेवा आणि एका जुन्या लॅपटॉपवर ॲक्टिव्हेट करून त्याचे अपडेट बंद करा. मग नेट काढून प्रोग्राम उघडतो का बघा, ही चाचणी लोक करतच नाहीत.

धागाकर्ती
मेल परत वाचलं, "घेतली"च आहे. काल रात्री नेट काढून बघितलं, उघडला! पण दुसऱ्यांदा उघडताना "३० दिवसांत ऑनलाइन या" अशी पाटी आली, म्हणजे कायमचं म्हणजे महिनाभराचं, छान. आत्तापर्यंत साठ फाइली काढल्या, त्यातल्या अकरांमध्ये सावल्या आणि पारदर्शक भाग नुसते चित्र होऊन आलेत, ते वेगळे करून कसे काढायचे हे कुणी केलंय का? आणि बॅकपवाला, ही ३० दिवसांची अट फक्त नव्या आवृत्तीतच असते का? माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचा इन्स्टॉलर सापडलाय, तो टाकून बघू का?